एक मॅच सोडली तर

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही काटोलकडच्या एका खेड्यात, जिथं चारही वर्ग एकाच खोलीत बसायचे. मग लग्न होऊन जबलपूरला आले, भोवती सगळी हिंदी, म्हणून लिहितानाही मधूनच हिंदी येते. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याला वाचायला त्रास होईल. त्याबद्दल आधीच माफी मागून घेते. पण माफी एवढ्यापुरतीच. पुढं जे लिहिणार आहे त्याची माफी नाही.

कुंदाताई गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. त्या माझ्या नणंद, आमच्या ह्यांच्या मोठ्या बहीण. लग्न केलं नाही, फॅक्टरीत नोकरी केली आणि नोकरीतून उरलेला सगळा वेळ बास्केटबॉलला दिला. आधी खेळल्या, मग पंच झाल्या. किडनीचं दुखणं होतं. शेवटचे काही दिवस दवाखान्यात होत्या आणि दिवसा मी त्यांच्याजवळ बसायची. पलंगाच्या डोक्याशी एक मशीन होतं. त्यावर आकडे बदलायचे आणि मधूनच ते उगाच कोकलायचं. नर्स यायची, बटण दाबायची, निघून जायची. एकदा ते असंच वाजलं तेव्हा ताईंनी डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, “विमल, ह्याचा ऑपरेटर कुठं बसते?” मी हसले. त्याही हसल्या, पण हसायला श्वास पुरला नाही. त्यानंतर त्या बोलल्या ते पाण्याबद्दल आणि उशीबद्दल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घ्यायला घरी आले होते. कुलूप लावून निघतच होते आणि ह्यांचा फोन आला. “घाई नको करू,” ते म्हणाले, “सावकाश ये.” तेवढ्यावरून समजलं…

तेरवी झाली आणि त्यानंतर एका क्लबच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्याच क्लबच्या मैदानावर ताईंनी वर्षानुवर्षं शिट्टी वाजवली होती. क्लबचं नाव लिहीत नाही, इथल्या लोकांना समजेल. सचिव फार गोड बोलले. शिस्त, वेळेचं पालन, मुलींना मैदानावर आणलं, सगळं सांगितलं. आणि मग हात जोडून म्हणाले, “एक मैच को छोड़ दें, तो कुंदा जी का पूरा जीवन बेदाग़ रहा.” लोकांनी माना हलवल्या. काहींनी तर डोळे पुसले. मी मागच्या रांगेत होते. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. दुकानात दोन माणसं पुढं असली तरी मी मागं सरकून उभी राहते. त्या दिवशीही उठले नाही आणि काही बोलले नाही. पण घरी आले आणि पोळ्या करताना ते वाक्य पुन्हा पुन्हा कानात येऊ लागलं. एक मॅच सोडली तर. म्हणजे ते ताईंना माफ करत होते. मेलेल्या माणसाला, त्याच्या फोटोला हार घालून, माफ करत होते. आणि ज्या गोष्टीची माफी देऊन राहिले होते ती चूक नव्हतीच. ताईंनी ती मॅच कधी सोडली नाही. मीही सोडणार नाही.

मी मैदानावर कशी पोचले ते सांगते. आमचं घर महाराजपूरला, जबलपूरच्या एका टोकाला. मॅचेस असायच्या शहरात, संध्याकाळी. ताई स्कूटीवर जायच्या आणि परतायला उशीर व्हायचा. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. पोरगी पन्नाशीला आली तरी त्यांना ती पोरगीच वाटायची. त्यांनी हुकूम काढला की विमल सोबत जाईल. आता माझ्यासारखी बाई सोबत असल्यानं कोणतं संकट टळणार होतं देव जाणे, पण सासूबाईंचा हुकूम म्हणजे हुकूम. मी पदर घट्ट धरून स्कूटीच्या मागं बसायची आणि मैदानावर जिथं स्कोअर लिहिणारे बसतात त्या टेबलाच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसायची. पहिल्या पहिल्यांदा मी खाली मान घालून भाजी निवडायची. खरंच, मेथीची जुडी घेऊन जायची. ताई चिडायच्या. म्हणायच्या, “लोक तिकीट काढून येऊन राहिले आणि तू मेथी निवडून राहिली. वर पाह्य जराशी.” तिकीट कोणी काढत नव्हतं, पण मी वर पाहायला लागले.

वर पाहिलं तर दोन घड्याळं दिसली. एक मोठं, खेळाचं. दुसरं लहान, बोर्डाच्या वर लावलेलं, लाल आकड्यांचं. ते शॉट क्लॉक. चेंडू ज्या संघाच्या हाती आला त्यानं चोवीस सेकंदांत बास्केटवर शॉट मारायचा, तो रिंगला तरी लागला पाहिजे. नाही लागला आणि वेळ संपली तर भोंगा वाजतो आणि चेंडू दुसऱ्या संघाला जातो. शॉट रिंगला लागून परत त्याच संघाकडं आला तर त्यांना नव्यानं चौदा सेकंद मिळतात. रिंगला लागलाच नाही तर घड्याळ जसं चालू आहे तसंच चालू राहतं. हे सगळं चालवायला टेबलाशी एक माणूस बसतो, त्याला ऑपरेटर म्हणतात, आणि त्याच्यासमोर बटणांची एक पेटी असते. आमच्याकडं तो माणूस म्हणजे लखन भैया. रिछाईतल्या एका कारखान्यात काम करायचे आणि सुटी झाली की तेच कपडे घालून मैदानावर यायचे. हाताला ग्रीसचा वास. चेंडू रिंगला लागला की नाही हे डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं आणि बटण दाबायचं किंवा नाही दाबायचं. बघणारे हजार असतात पण बोट एकाचंच असतं. चुकणारच.

ताई पंच म्हणून काय करायच्या हे घरी कोणाला कळत नव्हतं, पण त्यांचा अभ्यास स्वयंपाकघरात चालायचा. त्यांना स्वयंपाक येत नव्हता. चहा करायच्या तोही उतू घालवायच्या. त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, घड्याळाकडं पाह्य आणि सुरू म्हण. मी सुरू म्हणायची. त्या माझ्याशी बोलत राहायच्या, शेव खात राहायच्या, सासूबाईंना उत्तर देत राहायच्या, आणि बोलता बोलताच एकदम म्हणायच्या, झाले. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर चोवीस सेकंद झालेले असायचे. त्यांच्या आत ते घड्याळ चालूच असायचं. ओठ थोडेसे हलायचे. सासूबाईंना वाटायचं की पोरगी नामस्मरण करते. शेजारच्या बायकांना सांगायच्या, आमची कुंदा दिसते आडदांड पण मनात सारखं देवाचं नाव असते तिच्या. ताई कधी खरं सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, राहू दे, तेवढंच पुण्य जमा होऊन राहिलं.

मी मेथी सोडून खेळ पाहायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसली. लखन भैयांचं चुकलं की बाकीचे पंच टेबलाकडं बोट दाखवायचे आणि ओरडायचे, सो रहे हो क्या. मग सगळं मैदान लखन भैयांकडं बघायचं, पोरं शिट्ट्या मारायची, आणि लखन भैयांचे कान लाल व्हायचे. त्यानंतर ते आणखी चुकायचे. ताईंची तऱ्हा वेगळी. एकदा भोंगा उगाचच वाजला, वेळ बाकी असताना. खेळणाऱ्या मुली थांबल्यासारख्या झाल्या. ताईंनी नुसता हात फिरवून दाखवलं की चला, खेळा. खेळ चालू राहिला. काहीच झालं नाही. काही दिवसांनी परत तसंच झालं, पण ह्या वेळी चेंडूवाली मुलगी दचकली आणि चेंडू तिच्या हातून सुटून दुसऱ्या संघाकडं गेला. ताईंनी लगेच शिट्टी मारून खेळ थांबवला, घड्याळ होतं त्या आकड्यावर आणायला सांगितलं आणि चेंडू त्याच मुलीच्या संघाला परत दिला. दुसऱ्या संघाचा कोच आरडाओरडा करायला लागला की मागच्या वेळी एक नियम, आज दुसरा. स्कूटीवरून येताना मीही भीत भीत विचारलं, ताई, असं काहून? भोंगा तर दोन्ही वेळा चुकलाच होता ना.

त्यांनी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावली. त्यांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्या गाडी थांबवायच्या, मागचे लोक हॉर्न वाजवू देत. म्हणाल्या, “चुकला हे पाहायचं नसतं, विमल. चुकल्यानं कोणाचं नुकसान झालं ते पाहायचं असते. नाही झालं तर खेळू द्यायचं. झालं तर त्याचं त्याला परत द्यायचं. बस.” आणि गाडी सुरू केली. मला हे एकदम पटलं. घरातही त्या तशाच होत्या. नागपूरचा मराठी पेपर आमच्याकडं एक दिवस शिळा यायचा. तो त्या मला रोज मोठ्यानं वाचायला लावायच्या. चौथी शिकलेल्या बाईला तिशी ओलांडल्यावर पेपर वाचायला लावणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत. मी अडखळायची, भलतंच वाचायची. त्या मध्ये थांबवायच्या नाहीत. वाक्य पुरं होऊ द्यायच्या. अर्थ बदलत असला तरच म्हणायच्या, मागं जा. आज मी हे लिहून राहिले ते त्या शिळ्या पेपरांमुळं. त्या फार गोड होत्या असं नाही. माझ्या ताटातली भाकरी उचलून न्यायच्या, पत्त्यांत लबाडी करायच्या आणि पकडलं की रुसायच्या. त्यांचं रुसणं दोन दोन दिवस चालायचं. पण मैदानावर त्यांनी लबाडी केली असं कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही.

खेळ थांबला की त्या टेबलाकडं चालत यायच्या. पळत नाही, चालत. आणि लखन भैयांच्या समोर अशा उभ्या राहायच्या की त्यांची रुंद पाठ लोकांकडं आणि तोंड भैयांकडं. लोकांना भैयांचा चेहरा दिसायचाच नाही. हळू आवाजात पहिला प्रश्न नेहमी एकच, तुमने क्या देखा. क्या किया असं कधी नाही. भैया सांगायचे ते ऐकायच्या, दुसऱ्या पंचाला विचारायच्या, मग ठरवायच्या. मी मागच्या खुर्चीवर असायची म्हणून मला सगळं ऐकू यायचं. लखन भैया एकदा मला म्हणाले होते, दीदी जेव्हा समोर येऊन उभ्या राहतात ना भाभी, तेव्हा वाटते सावलीत बसलोय. हे ते हिंदीतून म्हणाले होते, मी मराठीत लिहिलं.

आता ती मॅच. फायनल होती, मुलींची. एक संघ त्याच क्लबचा आणि दुसरा रांझीकडचा. क्लबचे अध्यक्ष साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते, पाहुणे घेऊन. खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता आणि क्लबच्या मुली एका गुणानं मागं होत्या. चेंडू त्यांच्याकडं होता. एका मुलीनं लांबून शॉट मारला. तो आखूड पडला. रिंगच्या खालून, रिंगला न शिवता, सरळ तिच्याच संघातल्या मुलीच्या हातात आला. रिंगसमोर तीन-चार मुलींचे हात वर होते. लखन भैयांना वाटलं लागला, त्यांनी बटण दाबलं. लाल घड्याळात पाच उरले होते, त्याचे एकदम चौदा झाले. मी हे पाहिलं. चेंडू रिंगला लागला नव्हता. माझी शाळा चौथीची आहे, डोळे नाही. पण मी काय बोलणार होते? मैदान नुसतं गरजत होतं. मुलींनी चेंडू बाहेर काढला, इकडं दिला, तिकडं दिला, परत आत आणला आणि एकीनं गोल केला. लोक खुर्च्यांवर चढले.

आणि ताईंची शिट्टी वाजली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या आतलं घड्याळ संपलं होतं आणि भोंगा वाजला नव्हता, म्हणून त्यांनी वर पाहिलं होतं, आणि वर आकडा भलताच होता. तेवढ्यात गोल पडला होता. त्यांनी आधी दुसऱ्या पंचाला, दुबेजींना, विचारलं की पहिला शॉट रिंगला लागला का. दुबेजी रिंगच्या खालीच होते. त्यांनी मान हलवली, नाही. मग ताई टेबलाकडं आल्या, नेहमीसारख्या चालत, आणि पाठ लोकांकडं करून उभ्या राहिल्या. लखन भैया म्हणाले, मैडम मुझे लगा छूकर आई, हाथ आड़े आ गए थे. ताई म्हणाल्या ठीक आहे, दाबलं तेव्हा किती होते? पाच, भैया म्हणाले. त्यांनी पाचच सांगितले, जास्त नाही, कमी नाही. पहिला शॉट पडला तेव्हा मोठ्या घड्याळावर काय होतं ते शेजारच्या टायमरवाल्याच्या ध्यानात होतं. त्यावरूनही तेच निघालं. बटण चुकून दाबलं गेलं नसतं तर गोल मारणाऱ्या मुलीच्या हातून चेंडू सुटायच्या आधीच भोंगा वाजला असता. म्हणजे गोल झालाच नव्हता. जे घड्याळ लोकांना दिसत होतं ते खोटं होतं. ताईंनी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून फिरवले, गोल रद्द, आणि चेंडू रांझीच्या मुलींना दिला.

पुढचं लिहायला नको इतकं झालं. पाण्याच्या बाटल्या आल्या. अध्यक्ष साहेब चामड्याचे बूट घालून कोर्टात आले, जिथं तसल्या बुटांना मनाई असते. मोठ्यानं म्हणाले, मैडम, घड़ी में टाइम बाकी था, सबने देखा है. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “घड़ी ग़लत थी, सर. आप बाहर जाइए, खेल शुरू करना है.” साहेबांना बाहर जाइए असं त्या शहरात कोणी म्हटलं नव्हतं. ते गेले. उरलेला खेळ झाला आणि रांझीच्या मुली जिंकल्या.

नंतर ताईंना ऑफिसच्या खोलीत बोलावलं. सासूबाईंचा हुकूम होता म्हणून मी पण दारात जाऊन उभी राहिले. सचिवांनी समजावून सांगितलं की मामला सोपा आहे. ऑपरेटरनं गडबड केली, त्यामुळं खेळाचा विचका झाला, असं तुम्ही लिहून द्या. आम्ही त्याला काढून टाकू, मॅच पुन्हा खेळवू, तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. लखन भैया बाहेर पायरीवर बसले होते. ताई म्हणाल्या, त्याची चूक झाली, ती मी मैदानावर दुरुस्त केली, ती तिथंच संपली, आता लिहायला काही उरलं नाही. सचिव म्हणाले, मग लोक म्हणतील की चूक तुमची. ताई म्हणाल्या, “फ़ैसला मेरा है. जिसे जो लिखना है, मेरे नाम से लिखे.” आणि उठल्या. येताना पायरीवर लखन भैयांना म्हणाल्या, कल टाइम पे आना.

लखन भैया राहिले. ताई राहिल्या नाहीत. त्यांना कोणी काढलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. दुबेजींना विचारलं गेलं तेव्हा ते म्हणाले की त्यांना नक्की आठवत नाही, चेंडू लागलाही असेल. त्या दिवसापासून गावात एकच गोष्ट फिरली की कुंदा मॅडमनी चांगला गोल खाल्ला. ताईंनी घरी आदळआपट केली, नाही असं नाही. सासूबाईंच्या तुळशीची कुंडी फुटली. पण जाऊन पाया पडल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, ताई, एकदा साहेबांना भेटून या ना, खेळ तरी परत मिळेल. त्या म्हणाल्या, “भेटून काय सांगू? की रिंगला लागला होता?” त्यानंतर त्यांनी शिट्टी वाजवली नाही. संध्याकाळी ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि त्यांचे ओठ मात्र हलत असायचे…

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुबेजी घरी आले होते. आता म्हातारे झालेत. मी चहा दिला. बशी खाली ठेवून म्हणाले, “नहीं लगी थी, भाभी. मैंने देखा था.” मी म्हटलं, हे शोकसभेत सांगा. ते शोकसभेला आले, पुढं बसले, सचिवांचं ते वाक्य ऐकलं आणि खाली पाहत राहिले. मला त्यांची कीव येत नाही. लोक म्हणतात यायला पाहिजे, पण येत नाही.

मग पंधरा दिवसांपूर्वी सचिव स्वतः घरी आले. मिठाईचा डबा आणला होता. क्लबनं ठरवलं होतं की मुलींच्या स्पर्धेला ताईंचं नाव द्यायचं, कुंदा स्मृती चषक. ताईंचा चांगलासा फोटो पाहिजे होता. आमचे हे भरून आले. त्यांनी बहिणीसाठी डोळे पुसले आणि उठून कपाट उघडलं. मी विचारलं, फायनलच्या आधी माइकवर त्यांच्याबद्दल काय बोलणार? सचिव म्हणाले, वही भाभीजी, जो सभा में बोला था, सबको बहुत अच्छा लगा था. मी म्हटलं, त्यातलं ते एक मॅचचं वाक्य काढा. आणि त्या जागी म्हणा की गोल रद्द केला तो बरोबर केला.

हे एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते मला माहीत आहे. सचिव हसले. म्हणाले वाक्य काढून टाकू, काही हरकत नाही, पण दुसरं कसं म्हणणार, जुनी गोष्ट आहे, साहेबांच्याच हातून बक्षीस द्यायचं आहे, त्यांना वाईट वाटेल. आमचे हे मला कोपऱ्यात घेऊन गेले. म्हणाले, “काहून अडून बसली विमल? नाव तर होऊन राहिलं ना ताईचं.” मी म्हटलं, नाव कोणाच्या तोंडून होऊन राहिलं ते पाहा. ज्या मैदानावरून त्यांना घालवलं त्याच मैदानावर त्यांचा फोटो लावून, साहेबांच्या हातानं बक्षीस वाटायचं, आणि गोलाबद्दल गप्प बसायचं. म्हणजे चूक ताईंचीच होती आणि क्लबनं मोठ्या मनानं पोटात घातली, असंच लोक समजणार. ह्यांनी फार वर्षांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग कपाट बंद केलं. मी बाहेर येऊन सचिवांना सांगितलं की फोटो मिळणार नाही आणि ताईंचं नावही देऊ नका. त्यांनी विचारलं, पक्का? मी म्हटलं, पक्का. मिठाईचा डबा त्यांच्या हातात परत दिला, पण चहा पाजून पाठवलं.

स्पर्धा झाली, दुसऱ्याच कोणाच्या नावानं. फायनलला मी गेले. आमचे हे म्हणाले कशाला जातेस, तरी एकटी गेले, ऑटोनं. टेबलाच्या मागच्या खुर्चीवर बसले. लखन भैयांचे केस आता पांढरे झालेत, चष्मा लागलाय, पण पेटी तेच चालवतात. त्यांनी मला पाहून नमस्ते केलं आणि कारखान्याच्या शर्टाची बटणं लावून घेतली. थोड्या वेळानं अध्यक्ष साहेबांची गाडी आली. माइकवर सांगितलं की सर्वांनी उभं राहून साहेबांचं स्वागत करावं. सगळे उठले. खेळाडू उठल्या, लहान मुलं उठली, दुबेजी काठी टेकून उठले. टाळ्या सुरू झाल्या. मी बसून राहिले. माझ्या पुढच्या माणसानं मागं वळून पाहिलं, मग बाजूच्या बाईनं पाहिलं, आणि माझ्या तोंडाला घाम फुटला, कारण इतके लोक माझ्याकडं पाहतील असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. लखन भैया अर्धे उठले होते. त्यांनी मागं माझ्याकडं पाहिलं, पुढं साहेबांकडं पाहिलं, आणि पेटी जवळ ओढून परत खाली बसले. साहेब आमच्या समोरून गेले. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं. टाळ्या संपेपर्यंत मी मांडीवर हात ठेवून बसून होते.

काल भाजी घेताना त्या दिवशी बाजूला बसलेली बाई भेटली. बिचारी चांगली आहे. म्हणाली, दीदी, त्या दिवशी तुम्हाला उठता आलं नाही, गुडघे फार दुखून राहिलेत का? माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत.

मी तिला सांगितलं, गुडघे माझे ठणठणीत आहेत.